गावातलं संग्रहालय टिकवायचं कसं? मराठवाड्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात जुन्या वस्तू जपणाऱ्या माणसांची वाण नाही. कुठे निवृत्त शिक्षक, कुठे महाविद्यालयाचा इतिहास विभाग, कुठे ग्रामपंचायत, कुठे देवस्थानचा ट्रस्ट. दोन खोल्या मिळतात, काचेची कपाटं येतात, थाटात उद्घाटन होतं. खरी परीक्षा त्यानंतर तीन-चार वर्षांनी सुरू होते. वीजबिल थकतं, छत गळायला लागतं, किल्ली ज्यांच्याकडे असते ते आजारी पडतात किंवा मुलाकडे पुण्याला राहायला जातात, आणि कुलूप लागतं ते लागतंच.

शाश्वत विकास म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर छतावरचं सोलर येतं. संग्रहालयासाठी हा विषय त्याहून बराच मोठा आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने, म्हणजे ‘आयकॉम’ने, २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. समाजाच्या सेवेसाठी चालणारी, नफा न कमावणारी कायमस्वरूपी संस्था, हा गाभा तसाच राहिला. त्याच्या जोडीला विविधता आणि शाश्वतता जोपासणं हे संग्रहालयाचं काम म्हणून त्यात लिहिलं गेलं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या १७ उद्दिष्टांमध्येही अकराव्या उद्दिष्टाखाली सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाच्या रक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे.

आपल्याकडे याचा अर्थ मी असा लावतो: कमी विजेवर, कमी पाण्यावर, कमी पैशांत आणि कुणा एकाच माणसावर न विसंबता चालेल, आणि ज्या गावात आहे त्या गावाला रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल, असं संग्रहालय उभं करणं. खाली दिलेला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. सोलर चौथ्या पायरीवर आहे, कारण आधीच्या तीन पायऱ्या झाल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत.

पायरी १: काय घ्यायचं नाही ते आधी ठरवा

संग्रहालयात घेतलेली प्रत्येक वस्तू कायमची जागा, साफसफाई आणि लक्ष मागते. पहिल्या वर्षी उत्साहात दळायची तीस दगडी जाती, वीस पाटे-वरवंटे आणि पोतंभर नाणी येतात, आणि पाचव्या वर्षी त्यातली निम्मी जिन्याखाली पडलेली असतात. म्हणून समितीच्या पहिल्याच बैठकीत एक पानभर संग्रह-धोरण लिहून काढा. आपला विषय कोणता, परिसर किती गावांचा, एकाच प्रकारच्या किती वस्तू घ्यायच्या, आणि नकार कोण देणार. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. गावात ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. लिहिलेलं धोरण हाताशी असलं की ते सोपं होतं.

मारुतीच्या पारावर किंवा वेशीजवळ असलेले वीरगळ (वीरांचे स्मृतिदगड), सतीशिळा, शिलालेख उचलून आणू नका, असं माझं ठाम मत आहे. त्या दगडाचा निम्मा इतिहास त्याच्या जागेत असतो. जागेवरच त्याचा फोटो काढा, मापं घ्या, ठिकाण टिपून ठेवा, पालथा पडला असेल तर गावकऱ्यांच्या संमतीने सरळ उभा करा आणि ऑइल पेंट न लावण्याची विनंती करा. संग्रहालयात नुसता नकाशा लावून लोकांना तिकडे पाठवता येतं.

जमिनीतून निघालेल्या वस्तूंबाबत कायदा माहीत हवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ऐवजाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरावस्तूंमध्ये मोडतात, आणि त्यातल्या मूर्ती, चित्रं यांसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. राज्य पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात जाऊन आपल्याकडच्या वस्तूंची यादी दाखवा. त्याने काम अडत नाही, उलट पुढच्या सगळ्या मदतीची दारं उघडतात.

आणखी एक गोष्ट पांढरीच्या टेकड्यांची. जुन्या गावठाणाची ही राखाडी-पांढरी माती घरं सारवायला, विटांना, शेतात टाकायला खणून नेली जाते आणि तिच्याबरोबर दोन-दोन हजार वर्षांचे थर ट्रॅक्टरमध्ये भरून जातात. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे प्राचीन तगर नावाचं शहर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर त्याचं नाव येतं. तिथल्या टेकड्यांमधून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केल्या, जपल्या, आणि आज त्यांच्याच नावाने शासनाचं संग्रहालय तिथे आहे. गावातल्या एका माणसाच्या चिकाटीतून काय उभं राहतं त्याचा हा आपल्याच भागातला दाखला. मात्र आज कुणी विचारलं तर मी सांगेन की टेकडीतून वस्तू वेचण्यापेक्षा टेकडी खणू न देणं हे संग्रहालयाचं पहिलं काम समजा.

पायरी २: नोंदवही

यावर फार लिहीत नाही, पण याशिवाय पुढचं काहीच शक्य नाही. पक्क्या बांधणीची वही घ्या आणि पानांना क्रमांक घाला. वस्तूचा क्रमांक, नाव (गावात म्हणतात तेच), माप, कशाची बनली आहे, कुठल्या गावाहून आली, कोणी दिली, भेट की उसनी, कधी आली, अवस्था कशी आहे आणि कपाटात कुठे ठेवली आहे. देणाऱ्याची सही असलेलं एक दानपत्र वेगळ्या फाइलमध्ये. पुढे वारसांचे वाद निघतात तेव्हा हेच कागद कामी येतात. संगणकावरची यादी जरूर करा, पण वहीला पर्याय म्हणून नाही.

वस्तूवर क्रमांक टाकताना स्टिकर किंवा सेलोटेप वापरू नका. मडकी, दगड, धातू यांवर पॅरालॉइड बी-७२ नावाच्या पारदर्शक रेझिनचा पातळ थर देऊन त्यावर शाईने क्रमांक लिहितात, वर पुन्हा एक थर. हा थर पुढे ॲसिटोनने काढता येतो. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत दोन टाक्यांनी शिवा. कागदाला मागच्या बाजूने मऊ पेन्सिल.

पायरी ३: इमारत, ऊन आणि हवा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो, हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की चार दिवसांत भिंती ओल धरतात. वस्तूंना सर्वांत जास्त त्रास या अचानक होणाऱ्या बदलाचा होतो. लाकूड, हस्तिदंत, कातडं, कागद ही सगळी हवेतली ओल घेतात आणि सोडतात, फुगतात आणि आकसतात. तेर आणि भोकरदन इथे मिळालेल्या हस्तिदंती बाहुल्यांची तुलना इटलीतल्या पाँपेई इथे सापडलेल्या बाहुलीशी केली जाते. जमिनीखाली दोन हजार वर्षं एकसारख्या हवेत राहिलेली अशी वस्तू वर आणून रोज बदलणाऱ्या हवेत ठेवली, तर तिला भेगा पडायला किती वेळ लागणार?

यावर उपाय म्हणून लगेच एसी सुचवला जातो. दिवसा दहा ते पाच एसी चालवायचा आणि रात्री बंद करायचा, हे वस्तूंसाठी एसी नसण्यापेक्षा वाईट आहे, कारण रोज दोनदा हवा बदलते. चोवीस तास चालवायचा तर बिल परवडत नाही आणि लोडशेडिंग काही सांगून येत नाही. जगातली मोठमोठी संग्रहालयंही आता कडक तापमानाचा आग्रह सोडून देऊ लागली आहेत. ‘बिझो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या हरित नियमावलीत बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता पुरेशी मानली आहे, आणि चोवीस तासांत आर्द्रतेत दहा टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार नको एवढंच सांगितलं आहे. आपल्या उन्हाळ्यात २५ अंश शक्य नाही. पण चढउतार कमी ठेवणं आपल्या हातात आहे, आणि ते जाड भिंतींना चांगलं जमतं.

जुना वाडा मिळत असेल तर तो घ्या. दोन-अडीच फुटी भिंती, माळवदाचं छत, आत चौक, लहान खिडक्या. बाहेर आग ओकत असताना मधल्या खोलीत हवा संथपणे बदलते. कापडं, कागद, हस्तिदंत, चित्रं अशा नाजूक वस्तू या मधल्या खोलीत आणि दगड, मडकी, शेतीची अवजारं ओसरीत, अशी विभागणी करा. तेवढ्याने अर्धा प्रश्न सुटतो.

मात्र इथे एक गोष्ट विसरता कामा नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सर्वाधिक जीव घेतले ते मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि त्यावरच्या जड माळवदांनी. म्हणून वाडा ताब्यात घेण्याआधी स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या. भिंतीचे कोपरे एकमेकांत गुंफलेले आहेत का, माळवदावर वर्षानुवर्षं माती चढवून ओझं वाढलंय का, तुळयांना वाळवी लागली आहे का, हे पाहायला सांगा. दुरुस्ती करताना चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघतात. कपाटं भिंतीला पक्की बांधा आणि जड मडकी खालच्या फळीवर ठेवा.

स्लॅबची नवी इमारत असेल तर गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली, आणि स्लॅब व दालन यांच्यामध्ये एक आतलं छत (फॉल्स सीलिंग). खिडकीच्या आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चटई टांगणं जास्त उपयोगी, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही.

कूलरबद्दल स्पष्ट सांगतो. दालनात कूलर लावू नका. तो बाहेरची धूळ आत आणतो आणि कागद-कापडाला ओल देतो. कर्मचारी बसतात त्या खोलीत लावा, तिथे तो हवाच.

एक साधा डिजिटल आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो. तो मधल्या खोलीत ठेवून सकाळी आणि दुपारी आकडे वहीत लिहा. एक वर्षाची अशी वही हातात आली की कुठल्या महिन्यात कुठली खिडकी उघडायची हे तुम्हाला कुणी सल्लागार सांगायची गरज राहत नाही.

प्रकाशाचंही तसंच. कापड आणि कागदासाठी ५० लक्स (प्रकाश मोजण्याचं एकक) पुरे, म्हणजे डोळे सरावले की छान दिसतं पण झगमगाट नाही. तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. दगडाला मर्यादा नाही. जुनी पैठणी किंवा हिमरू तीन-चार महिने मांडली की पुढे निदान वर्षभर अंधारात विसावू द्या आणि तिच्या जागी दुसरी लावा. उडालेला रंग परत येत नाही.

शिशाची नाणी: एक वेगळा इशारा

सातवाहनांची शिशाची नाणी आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी निघतात, आणि हौशी संग्रहांमध्ये त्यांची सगळ्यात जास्त हानी होते. नवीन प्लायवूडच्या किंवा ताज्या लाकडाच्या खणात ही नाणी ठेवली, वर काच बसवली, की लाकडातून आणि डिंकातून निघणारी आम्लाची वाफ आत कोंडते. काही महिन्यांनी करड्या नाण्यावर पांढरी भुकटी दिसायला लागते. बोट फिरवलं तर ती बोटाला लागते, आणि तिच्याबरोबर हत्तीच्या किंवा जहाजाच्या ठशाची रेघही निघून येते. ती भुकटी म्हणजे नाण्याचंच शिसं आहे. विषारीही आहे, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. शंख-कवड्यांनाही हीच वाफ बाधते, आणि तुळजापूरच्या कवड्यांच्या माळा आपल्याकडे कितीतरी संग्रहांत असतात.

उपाय खर्चिक नाही. ही नाणी आणि कवड्या लाकडाबाहेर काढा. झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात, आम्लमुक्त कागदात, प्रत्येक नाणं सुटं ठेवा. साध्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात मिळणारे डबे चालतात, तळाशी पाचचा आकडा आणि ‘पीपी’ अशी खूण पाहून घ्या. दालनासाठी कपाट करायचं असेल तर पावडर कोटिंग केलेलं लोखंड आणि काच. जुन्या सरकारी कार्यालयांतून लिलावात निघणारी लोखंडी कपाटं रंगवून वापरली तर पैसेही वाचतात आणि झाडंही.

पायरी ४: पाणी, मग वीज

मराठवाड्याला पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात संग्रहालयाने टँकर मागवणं शोभत नाही. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. साफसफाई, स्वच्छतागृह आणि चार झाडं यांना ते वर्षभर पुरू शकतं. साठवण करायची की बोअरचं पुनर्भरण, हे जागा पाहून ठरवा. पन्हाळी आणि गाळणी मे संपण्याआधी साफ हवीत. पाण्याची टाकी दालनाच्या डोक्यावर कधीही ठेवू नका.

पाणी हाच तुमचा सर्वांत जवळचा प्रदर्शन-विषयही आहे. संभाजीनगरला मलिक अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी जमिनीखालून उताराने शहरात पाणी आणत होती, कुठल्याही इंधनाशिवाय. पाणचक्कीत अशाच नहरीच्या पाण्याच्या जोरावर जातं फिरवलं जात असे. तुमच्या गावात बारव असेल तर तिचा आराखडा, पायऱ्यांची मापं, कुठल्या महिन्यात पाणी कितव्या पायरीपर्यंत येतं याची नोंद, हे सगळं संग्रहालयात मांडा. परभणी जिल्ह्यात वालूरच्या चक्राकार बारवेची सफाई ग्रामस्थांनीच केली. बारव साफ होते तेव्हा पाणी वाचतं आणि वारसाही, आणि गावाला संग्रहालयाचा उपयोग पटवून द्यायला भाषण करावं लागत नाही.

आता वीज. आधी महावितरणचं बारा महिन्यांचं बिल काढून युनिट पाहा. दहा नऊ-वॅटचे एलईडी आणि चार कमी विजेचे पंखे दिवसाला सहा तास चालवले तर सव्वा ते दीड युनिट लागतात. एक किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं आणि साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा मागतं. म्हणजे छोट्या संग्रहालयाला एक किलोवॉटही पुरून उरतो. विक्रेता पाच किलोवॉटचा आग्रह धरेल, त्याला बिल दाखवा. माळवदावर पॅनल बसवायचं असेल तर पुन्हा अभियंत्याला विचारा, ओझं आणि छिद्रं दोन्ही घातक. आणि पॅनलवरची धूळ पंधरा दिवसांनी पुसण्याचं काम कुणाचं, ते नावानिशी ठरवा.

पायरी ५: वाळवी आणि कसर

नवी वस्तू थेट दालनात नेऊ नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर ठेवा. खाली बारीक भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे. कापड, लोकर, पुस्तकं यांतली कीड मारायला त्या जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा ते वीस अंशांवर दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान एक दिवस, उघडायची नाही, नाहीतर ओल धरते. रंगवलेलं लाकूड, हस्तिदंत, काच, तैलचित्र यांना हा उपाय करू नका.

डांबरगोळ्यांचा वास माणसांनाही बाधतो, त्या टाळा. कडुनिंबाचा वाळलेला पाला आपल्या आज्या वापरत आल्या, तो मांजरपाटाच्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण थेट साडीच्या घडीत टाकला तर डाग पडतात. या सगळ्यापेक्षा प्रभावी उपाय म्हणजे झाडू. दालनात खाणं बंद, कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब आणि जमिनीपासून वीतभर उंच, महिन्यातून एकदा प्रत्येक कपाटामागे टॉर्च मारून पाहणं. वाळवीने मातीची नळी बांधली की ती लगेच दिसायला हवी.

पायरी ६: गावाला काय मिळतं?

संग्रहालय टिकवणारी खरी गोष्ट ही आहे. १७ उद्दिष्टांचा तक्ता भिंतीवर लावून काही होत नाही. त्यातली आपल्याला झेपतील अशी दोन किंवा तीन निवडा आणि त्यांना गावातल्या कामांशी जोडा.

शेतीची अवजारं बहुतेक ठिकाणी असतात: तिफण, कुळव, मोट, कणगी. त्यांच्या शेजारी बियाणं ठेवा. जालन्याची दगडी ज्वारी, लातूर जिल्ह्यातली बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्ती कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तुमच्या पंचक्रोशीत अजून कोण जुनं वाण पेरतं ते शोधा, मूठभर बियाणं बरणीत ठेवून शेतकऱ्याचं नाव लिहा, दर हंगामाला बरणी बदला. पेरणीआधी संग्रहालयाच्या ओसरीत बियाणं देवाणघेवाणीचा एक दिवस ठेवला तर शेतकरी कुठलीही निमंत्रणपत्रिका न छापता येतात.

पैठणमध्ये किंवा आसपास असाल तर विणकरांना बोलवा. जुन्या पैठणीच्या पदरावरची नक्षी, रंगांची जोडणी हे त्यांच्यासाठी शोभेचं सामान नसून कामाचं साहित्य आहे. महिन्यातून एक दुपार त्यांना नमुने जवळून पाहू द्या, हात स्वच्छ धुऊन किंवा हातमोजे घालून. त्यांच्या मागावरचं लहान कापड संग्रहालयात विकायला ठेवा आणि विक्रीतला किती हिस्सा विणकराचा, ते पाटीवर लिहा.

बायकांना विचारल्याशिवाय स्वयंपाकघराचं दालन मांडू नका. उखळ कुठल्या कामाचं, जातं रोवताना खुंटा कसा बसवायचा, बळदातलं धान्य कसं काढायचं, हे समितीतल्या पुरुषांना बहुधा नीट सांगता येत नाही. गावातल्या आजींना बोलवा, वस्तू हातात द्या आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करा. जात्यावरच्या ओव्या आपोआप निघतात. रेकॉर्डिंगवर नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या, दोन ठिकाणी साठवा, आणि आवाज दालनात ऐकवायची परवानगी त्यांच्याकडून लेखी घ्या.

शाळांबाबत माझा अनुभव असा की सहल म्हणून दीडशे मुलं एकदम आली की कुणालाच काही मिळत नाही. त्यापेक्षा वीस-पंचवीस मुलांचा एक वर्ग महिन्यातून एकदा, आणि त्यांच्या हाताला काम: आर्द्रतेचा आकडा लिहिणं, आजोबांकडून ७२ च्या दुष्काळाची आठवण लिहून आणणं, एका मडक्याचं चित्र मापासकट काढणं. सुखडी आणि पाझर तलावाच्या कामावरची खडी फोडणी ज्यांनी अनुभवली ती पिढी आता थकत चालली आहे. या वह्या संग्रहालयात क्रमांक टाकून ठेवा. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असतो, त्या दिवशी गावातल्या लढ्याची कागदपत्रं आणि आठवणी मांडा, गाव लोटतं.

पाट्या मराठीतच, मोठ्या अक्षरांत, बसलेल्या मुलालाही वाचता येतील एवढ्या उंचीवर. फ्लेक्स आणि थर्मोकोल नको. गावातल्या पेंटरकडून पत्र्यावर लिहून घेतलेली पाटी दहा वर्षं टिकते आणि मजकूर बदलायचा तर पुसून पुन्हा लिहिता येते. दारात पायरी असेल तर एक उतार बांधा.

पायरी ७: पैसे

इमारतीला देणगी मिळते, झाडूवाल्या ताईंच्या पगाराला मिळत नाही. म्हणून उद्घाटनाच्या आधी पुढच्या तीन वर्षांचा चालू खर्च कागदावर मांडा: एका माणसाचं मानधन, वीज, साफसफाई, डबे-कागद, किरकोळ दुरुस्ती. हा आकडा जमेल तेवढंच मोठं संग्रहालय करा. दोन खोल्या नेटक्या चालल्या तर तिसरी उघडायला कुणाची ना नसते.

ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करून घ्या, दरवर्षी लेखापरीक्षण करा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजना आहे, पण अर्जाला नोंदवही, इमारतीचे कागद आणि हिशेब लागतात. पहिल्या दोन पायऱ्या केलेल्या असतील तर हे तयारच असतं. देणगीदारांकडे इमारतीऐवजी ठेव मागा; कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून मात्र २०२१ पासून ठेव देता येत नाही. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर माणसाचं मानधन निघतं. तिकीट ठेवायचं तर गावकऱ्यांना आणि शाळांना मोफत, बाहेरच्यांना वाजवी. तिकीट फुकट असलं तरी वहीत पाहुण्यांची नोंद ठेवाच.

पायरी ८: बंद करायची वेळ आली तर

यावर कुणी बोलत नाही. पण हे ठरवून ठेवलं नसेल तर भंगारवाल्याला विकलेली पितळेची भांडी आणि ओसरीत कुजणारी हस्तलिखितं, असा शेवट होतो. ट्रस्टच्या घटनेतच लिहा की संस्था चालवणं अशक्य झालं तर संग्रह विकला जाणार नाही, वाटून घेतला जाणार नाही, तो अमुक संस्थेकडे नोंदवहीसह जाईल. ती संस्था कोणती, ते आजच बोलून ठरवा: राज्य पुरातत्त्व विभाग, विद्यापीठाचं संग्रहालय किंवा जिल्ह्यातलं दुसरं एखादं संग्रहालय. उसन्या घेतलेल्या वस्तू कुणाला परत द्यायच्या, याची यादी वेगळी करा. किल्ली दोन माणसांकडे असू द्या, त्यातलं एक चाळिशीच्या आतलं, आणि दर तीन वर्षांनी दोघांपैकी एक बदला. समितीत हा ठराव मंजूर झाला की इतिवृत्ताची एक प्रत नोंदवहीच्या पहिल्या पानाला जोडा आणि एक त्या संस्थेच्या कार्यालयात पोच घेऊन द्या.